पाण्याला सांगितलेलं स्वप्न

मी भांडायला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. कांदा काढणीला आलेला, पात आडवी व्हायला लागलेली. अशा वेळी पाणी तोडायचं असतं हे आमच्या डिंगोरे गावात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी रोज सकाळी आमच्या विहिरीवरची मोटार चालू. मी गोठ्यात शेण काढत असायची आणि कानावर तो आवाज यायचा. आधी वाटलं, वरच्या वावरातल्या टोमॅटोला सोडलं असेल. मग एक दिवस कांद्याच्या कडेच्या वाफ्यात घोट्याएवढा चिखल बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेणाची पाटी तिथंच टाकली आणि तरातरा वावरात गेले.

आमचे हे पाटाच्या कडेला उकिडवे बसले होते. पाणी वाहत होतं आणि हे त्याच्याकडे तोंड करून बोलत होते. फोनवर असतील म्हणून बघितलं, तर फोन मोटारीच्या पेटीवर ठेवलेला. मी भांडण तोंडातच धरून बांधाच्या आड उभी राहिले.

"खाली खाली गेलो," हे पाण्याला सांगत होते. "वर उजेड दिसत व्हता. हात मारतोय, पाय मारतोय, पण वर येता येईना. छातीवर सगळं पाणी येऊन बसलं. तोंड उघडावं तर पाणीच आत." मग ह्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं आणि परत पाटात सोडून दिलं.

आमच्या घरात वाईट स्वप्न माणसाला सांगत नाहीत. माणसाला सांगितलं की ते त्या माणसाच्या घरात मुक्कामाला राहतं. म्हणून सकाळी उठून, कुणाशी काही बोलायच्या आत, ते वाहत्या पाण्याला सांगायचं. पाणी घेऊन जातं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ह्यांना हे लहानपणी शिकवलं. तेव्हा पाटाला कायम पाणी असायचं. आता सगळीकडे ठिबक. नळीतून टपटप गळणाऱ्या पाण्याला माणूस काय स्वप्न सांगणार? तर हा माझा नवरा, पन्नाशी ओलांडलेला, स्वप्न सांगण्यापुरती मोटार चालू करत होता आणि माझा कांदा सडवत होता.

"किती दिवस?" मी पुढे होऊन विचारलं.

हे दचकले. "कांद्याचं म्हनशील तर..."

"कांदा गेला खड्ड्यात. स्वप्न किती दिवस पडतंय?"

"मागल्या उन्हाळ्यापासनं. विहीर खोल केली तवापासनं."

म्हणजे जवळपास वर्ष. एका छपराखाली राहून मला पत्ता नाही. आता त्याला कारण होतं. ह्यांचं घोरणं म्हणजे जुन्या ट्रॅक्टरला सेल्फ मारत बसल्यासारखं. मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तिची खोली मोकळी झाली, तशी मी माझं अंथरूण उचलून तिकडे नेलं. सुखानं झोपत होते मी. भिंतीपलीकडे माणूस बुडतोय हे कुठं माहीत होतं?

माणूस बदललाय एवढं दिसत होतं. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. बोललं की अंगावर यायचे, आणि हा स्वभाव ह्यांचा नव्हे, माझा आहे. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो घेऊन जायचे आणि लिलावाच्या गलक्यात क्रेटला टेकून झोपायचे. पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून लोक मला विचारायचे, काय गं, पितात का काय? मी त्या लोकांची जी हजेरी घेतली ती त्यांना आठवत असेल.

त्या सकाळी पाटावर बसल्या बसल्या मी सगळं काढून घेतलं. आळेफाट्याच्या अलीकडे पिकअप रस्ता सोडून बाभळीवर गेली होती, तेव्हा मला सांगितलं होतं की कुत्रं आडवं आलं.

"कुत्रं नव्हतं," हे म्हणाले. "डोळा लागला. झोपायची भीती वाटती गं मला. झोपलं का बुडतो. मग जागाच ऱ्हातो. अन् मग दिवसा झोपंच्या तावडीत सापडतो."

झोपले तर बुडतात आणि जागे राहिले तर रस्त्यावर मरतात, असा तो हिशेब होता. मला माझा नवरा जिवंत पाहिजे होता. बाकी कांदा, टोमॅटो, लोक काय म्हणतात, सगळं त्याच्यानंतर. मी उठले, मोटार बंद केली, घरी आले आणि खुंटीवरची पिकअपची किल्ली काढून कमरेला खोचली. ती मागायची ह्यांची छाती झाली नाही. आमचा माल त्या दिवसापासून शेजाऱ्याच्या गाडीतून जायला लागला.

आत्याबाईंना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, "हे आसरांचं हाय."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, सात बहिणी. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या त्या. विहीर खोल करताना आम्ही यारी लावली होती, तळाचा दगड वर ओढायला. त्या यारीचा पाय रोवताना ते सात दगड हलवून बाजूला ठेवले आणि नंतर कामाच्या घाईत तसेच राहिले. झालं ते खरंच होतं. मी काही देव न मानणारी बाई नाही. आम्ही दगड जागेवर बसवले, ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या, दहीभात ठेवला. मी मनापासून हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांनी मान खाली घातली. पडलं होतं.

मग आत्याबाईंनी देवदेवस्की बघणारा एक जाणता बोलावला. तो विहिरीभोवती फिरला, पाण्यात तांदूळ टाकले, ते कसे बुडतात ते बघत बसला. मग म्हणाला, या पाण्याला माणूस पाहिजे. विहीर बुजवा.

मला वाटलं, हे आता उठून त्याला वाटेला लावतील. ही विहीर ह्यांच्या वडलांनी खणलेली. कमरेला वाळका भोपळा बांधून हे तिच्यात पोहायला शिकले, आणि पुढे निम्म्या आळीच्या पोरांना ह्यांनीच शिकवलं. ह्यांचा सूर बघायला लोक काठावर उभे राहायचे. आणि तोच माझा नवरा खाली बघत म्हणाला, "बुजवू. जेसीबी सांगतो."

तेव्हा मला खरी भीती वाटली. विहिरीची नव्हे, ह्यांची. माणूस आतून हरला की त्याच्या आवाजात जी राख येते ती मी त्या दिवशी ऐकली. मी जाणत्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बुजवायची तर आधी मला आत टाका अन् मग माती लोटा," मी म्हणाले. "कोन टाकतंय ते पुढं या."

कुणी पुढं आलं नाही. आत्याबाई रडायला लागल्या. शेवटी असं ठरलं की आखाजीपर्यंत थांबायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काय तो निकाल लावायचा.

मधे घाटघरचं लग्न आलं. तिथल्या एका घरून आम्ही दरसाल तांदूळ आणतो, त्यांच्या लेकीचं. नाणेघाटाच्या अलीकडचं गाव ते, तिकडं जाऊन लगेच परतायची सोय नाही, आणि त्या लोकांनी सोडलंही नसतं. मुक्काम पडला. बायका आत, पुरुष पडवीत.

सकाळी मी चुलीपाशी बसले होते तर हे चूळ भरून आले आणि म्हणाले, भाकरी हाय का. वर्षभरात ह्या माणसानं सकाळी उठून खायला मागितलं नव्हतं. डोळे स्वच्छ. मी नुसतं बघितलं. ह्यांना कळलं मी काय विचारतेय.

"न्हाई पडलं," हे हळूच म्हणाले.

घरधनी तिथंच तंबाखू मळत होता. म्हणाला, "पावणं निवांत झोपलं. जागाच नव्हती ना राव. आमी समद्यांना कुशीवर रचलं, भाताच्या पेंढ्या रचत्यात तसं. कुणी उताणं व्हायला लागलं का दोन्हीकडून ढोसणी."

परत येताना आत्याबाई एसटीत म्हणत होत्या की आपल्या आसरा घाटाकडं येत नाहीत, म्हणून सुटला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. उताणं.

घरी आल्यावर दुपारी जेवणं झाली तसं मी ह्यांना म्हटलं, खाटेवर पडा. उताणे पडा. मी इथंच लसूण सोलत बसते.

"पडंल ना ते स्वप्न," हे म्हणाले.

"पडू द्या. मी हाये."

ह्यांना डोळा लागायला वेळ लागला नाही. घोरणं सुरू झालं. ते मी आयुष्यभर ऐकलं होतं, त्यात काही नवीन नव्हतं. पण यावेळी मी पळून गेले नाही, बघत बसले. घोरणं वाढत वाढत गेलं आणि मधेच बंद झालं. मला वाटलं, कूस बदलतील. नाही बदलली. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. मी नाकापाशी हात धरला. काही नाही. ओठ काळपट दिसायला लागले. हात खाटेवर असे हलले, पाण्यात मारावेत तसे. मग घशातून मोठा खरखराट झाला, भस्सकन श्वास आत गेला, आणि परत घोरणं सुरू. हे जागेही झाले नाहीत. आणि मग पुन्हा तेच.

भर दुपारी, कोरड्या खाटेवर, माझ्यासमोर माणूस बुडत होता. मी फोन काढला आणि सगळं त्याच्यात घेतलं. मग ह्यांना गदागदा हलवून उठवलं आणि गळ्यात पडून रडले. हे बिचारे विचारत होते, काय झालं, कोण गेलं?

"कुनी न्हाई गेलं," मी म्हणाले. "कुनी जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नारायणगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. मी फोन पुढे केला. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि ह्यांना प्रश्न विचारायला लागले. डोकं दुखतं का, दिवसा झोप येते का. ह्यांनी सगळ्याला हो म्हटलं. मग ते म्हणाले, झोपेत काही त्रास होतो का, स्वप्नं वगैरे?

ह्यांनी तोंड फिरवलं. मी कोपरानं ढोसलं.

"माणसाला सांगायचं नसतं," हे माझ्या कानात म्हणाले. "डॉक्टरांच्या घरी लहान लेकरं असतील."

असा हा माणूस. स्वतः वर्षभर बुडतोय आणि काळजी डॉक्टरांच्या लेकरांची. मला राग आला आणि त्याहून जास्त माया आली. मी डॉक्टरांना सगळं उघड सांगितलं, की आमच्याकडे असं असतं, हे पाण्याला सांगतात. डॉक्टर हसले नाहीत. ते ह्यांना म्हणाले, "माझी आजी पण असंच सांगायची. पण पाण्यानं औषध दिलं नाही ना? मला सांगा. माझ्या घरचं मी बघतो."

तेव्हा हे बोलले. जमिनीकडे बघत बोलले, पण सगळं बोलले. डॉक्टरांनी मधेच विचारलं, "शेवटी वर येता का?"

"शेवटी येकदम डोकं पाण्याच्या वर येतं, अन् जाग येती."

"श्वास तेव्हाच परत सुरू होतो," डॉक्टर म्हणाले. फोनमधला तो खरखराट त्यांनी पुन्हा लावून दाखवला. "बघा, इथं तुम्ही वर आलात."

मग त्यांनी समजावून सांगितलं. उताणं झोपलं की घशातलं मऊ मांस सैल पडून मागं जातं आणि वाट बंद करतं. मान जाड झाली की जास्त. शरीराला हवा मिळत नाही, झोपलेल्या डोक्याला ते कळतं, आणि ते आपल्या ओळखीच्या गोष्टींतून त्याचं चित्र करतं. तुम्ही विहिरीचे माणूस, म्हणून विहीर दिसली. सगळ्यांनाच असं स्वप्न पडतं असं नाही, कित्येकांना काहीच आठवत नाही, ते म्हणाले. तुम्हाला पडत होतं, हे एका अर्थी बरं झालं.

ह्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला. "मला वाटलं मी खुळा व्हायला लागलो," हे म्हणाले. मला काय वाटलं म्हणून सांगू? दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला ओरडावंसं वाटत होतं की सापडला, सापडला. चोर सापडला होता आणि तो म्हणजे कुणी देवी नव्हती, ह्यांच्या घशातलं मांस होतं. त्याच्याशी भांडता येत होतं.

बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावून घरीच तपासणी झाली. मग मशीन आलं. खाटेशेजारी ठेवायचं, त्याची नळी, पुढं नाकावर बसवायचा मास्क. ते रात्रभर हवा ढकलत राहतं आणि वाट बंद होऊ देत नाही. हे बघूनच म्हणाले, मी न्हाई लावणार, मी काय आयसीयूत हाय का. मी मास्क उचलला, स्वतःच्या तोंडाला बांधला, मशीन चालू केलं आणि खाटेवर आडवी झाले. हे आणि आत्याबाई उभे राहून बघत होते. मला म्हणायचं होतं की बघा, काही होत नाही, पण तोंड उघडलं तर सगळी हवा बाहेर यायला लागली आणि असा काही आवाज निघाला की हे पोट धरून हसले. ह्यांना असं हसताना बघून मला वर्ष झालं होतं.

आत्याबाईंचं वेगळंच. त्या मशीनमध्ये पाणी घालायची एक डबी असते, हवा ओलसर राहावी म्हणून. मी ती भरताना त्यांनी विचारलं, "ह्याच्यात पानी घालत्यात?" हो म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला, हळदीकुंकू आणलं आणि डबीला एक बोट लावलं. त्यांचं समाधान झालं. माझी हरकत नव्हती.

पहिले काही दिवस फुकट गेले. हे झोपेतच मास्क ओढून काढायचे. मी माझं अंथरूण परत आमच्या खोलीत आणलं होतं, मी पुन्हा लावायची. पुन्हा काढायचे. चिडचिड झाली, एकदा तर मीच म्हटलं, जाऊ द्या, बुडा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

आणि मग ती सकाळ. मी चहा टाकला होता, ऊन ओट्यावर आलेलं, आणि घरात आवाजच नाही. आत्याबाई लगबगीनं आल्या, चेहरा पांढराफटक. "आगं, ह्यो घोरत न्हाई," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी आत गेलो. हे उताणे झोपले होते, मास्क जागेवर, छाती सारखी वरखाली होत होती, लहान लेकराची होते तशी. आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिलो.

उठले ते ऊन तोंडावर आल्यावर. मास्क काढला आणि मलाच सांगायला लागले. "पडलं गं. आज बी विहिरीतच व्हतो. खाली गेलो. म्हटलं आता बुडणार. पण श्वास घेतला, तर येतोय की. पाण्यात श्वास येतोय. मग तळाला जाऊन बसलो निवांत. लई गार व्हतं." मग म्हणाले, "चहा झाला का?"

त्यानंतर ते स्वप्न पडलं नाही. रंग परत आला, डोकं दुखायचं थांबलं, माझ्यावर ओरडायचंही थांबलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली तेव्हा मी किल्ली काढून हातात ठेवली आणि ह्यांनी ती कपाळाला लावली.

आखाजीला विहिरीवर आम्ही नारळ फोडला. जाणत्याला निरोप आधीच गेला होता की यायचं कारण नाही. आळीतली चारदोन माणसं आली होती, कुणी मजा बघायला, कुणी प्रसादाला. आत्याबाईंनी ओटी भरली. मी सगळ्यांना गूळखोबरं वाटत होते, तेवढ्यात ह्यांनी सदरा काढला, काठावर उभे राहिले आणि कुणाला काही कळायच्या आत सूर मारला.

वर्षभरानं. पाणी फुटलं, मिटलं, हलायचं थांबलं. हे वर आले नाहीत.

आत्याबाईंनी माझा दंड धरला, नखं रुतली. "आगं वर येईना की," त्या म्हणाल्या. "बुडाला गं माझा." एकजण दोर आणायला पळाला. एकजण सदरा काढायला लागला.

मी हलले नाही. मला भीती नव्हतीच. श्वास बंद पडलेला माणूस कसा दिसतो ते मी खाटेशेजारी बसून बघितलं होतं. मी आत्याबाईंचा हात सोडवून हातात घेतला.

"श्वास बंद न्हाई पडला, आत्याबाई," मी म्हणाले. "ह्यांनी धरलाय. आपल्या मर्जीनं धरलाय, मर्जीनं सोडतील."

मग बुडबुडे आले. मग डोकं आलं. हे तोंड उघडून हसत होते आणि छाती भरभरून हवा घेत होते. एक हात वर केला, मुठीत तळाचा काळा गाळ, बोटांतून ओघळत होता. आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि एकाच वेळी रडायला आणि शिव्या द्यायला लागल्या. लोक हसायला लागले. मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलं नाही.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेले.

"परत गेला की," आत्याबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या," मी म्हणाले. "येतील वर."